आष्टा-सांगली रस्त्यावर डोकं तापतं, त्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की रोज आष्ट्याहून सांगलीला गाडी नेता, समोरच्याने अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) मारला की तुम्हीही मारता, कुणी कट मारला तर पुढं गाठून काच खाली करता, आणि आता वहिनी शेजारी बसायला तयार नाहीत. वाचून वाटलं, ही आपलीच जुनी गोष्ट. उसाच्या हंगामात वाटेतल्या तुंग गावाच्या अलीकडं-पलीकडं काय चालतं ते मला वेगळं सांगायला नको. लवकर निघा, श्वास मोजा वगैरे तुम्हाला कुणीही सांगेल, त्यात जात नाही.

माझं डोकं रस्त्यापेक्षा एका कार्यालयानं जास्त बिघडवलं. दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर गाणी इतकी मोठी की हॉर्न ऐकू जाणं अशक्य. मी ओव्हरटेक करत असताना गडी उजवीकडं सरकला. बाहेर आलेल्या उसानं डावा आरसा नेला आणि दोन्ही दारांवर ओरखडा. डॅशकॅममध्ये सगळं होतं. ते घेऊन गेलो. कुठं, ते लिहीत नाही. मोबाईल हातातही न घेता उत्तर मिळालं, "ही हद्द आमची नाही." दुसरीकडं गेलो तर म्हणे ट्रॉलीवर नंबर नाही, तुम्हीच शोधून आणा. अरे, नंबर नाही हीच तर तक्रार आहे! परत पहिल्या ठिकाणी. साहेब जेवायला. साहेब बंदोबस्ताला. एकानं तर आपुलकीनं विचारलं, आरसा केवढ्याचा होता?

आरसा बसवून मिळाला. पण अडकलेली तक्रार रोज माझ्याबरोबर गाडीत बसायला लागली, आणि दिसेल तो ट्रॅक्टर मला तोच वाटायचा. आष्ट्याच्या बाहेर पडेपर्यंतच जबडा आवळलेला असायचा.

हद्दीचं म्हणाल तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे: दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्यात पोलिस थेट तपास करू शकतात त्याची) खबर हद्द न बघता घ्यायची. बेदरकार गाडी चालवणं त्यात बसतं. (मी वकील नाही. नुकसान मोठं असेल तर वकिलाला विचारा.) कुणाला लागलं असेल तर 112 लावा, तिथं वाद नको. पण नुसता कट मारला, शिवी दिली, एवढ्यासाठी कार्यालयाच्या पायऱ्या चढू नका, असं माझं स्पष्ट मत. व्हिडिओ असेल तर ऑनलाइन तक्रार टाका आणि तो विषय तिथंच सोडा. पाठपुरावा केलात की राग मुरतो, लोणच्यासारखा.

आणि समोरच्याला धडा शिकवायचं काम आपलं नाही. त्याला गाठून काच खाली केली म्हणून उद्या तो नीट चालवणार आहे का? 60 ऐवजी 70 नं गेलात तरी दहा किलोमीटरला दीड मिनिटसुद्धा वाचत नाही. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा, म्हणजे 60 च्या वेगाला 50 मीटर. मध्ये कुणीतरी घुसणारच. घुसू दे. पुन्हा अंतर सोडा. मला सगळ्यात जास्त गुण याचाच आला, कारण अंतर असलं की ब्रेक दाबावा लागत नाही आणि ब्रेक दाबावा लागला नाही की शिवी येत नाही. हॉर्नचंही तेच. विनाकारण हॉर्नला पहिल्यांदा 1000 रुपये दंड आहे, पुढं 2000. कुणाला झालेला मी पाहिला नाही, ती गोष्ट वेगळी.

घरीही असाच भडका उडत असेल तर मात्र माझं ऐकत बसू नका, डॉक्टरांना भेटा.

जाता जाता अप्परबद्दल. मागच्याचा लाइट डोळ्यांत येत असेल तर आतल्या आरशाखाली बारका खटका असतो, तो ओढा, उजेड मंद होतो. समोरच्याचा फार चमकत असेल तर पुढची काच आतून पुसून बघा. आतून धरलेली चिकट धूळ उजेड पसरवते. बाहेरून सगळेच पुसतात.