डिस्चार्ज बुकातले नाव, पीपीओतले नाव : माजी सैनिकांच्या नोंदींविषयी वाचकांचे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सैन्यातील सेवेच्या नोंदी दुरुस्त करून घेण्याविषयीची तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रांतील नावे बदलली असून मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझे वडील १९८८ साली हवालदार पदावरून निवृत्त झाले. त्यांचे वय आता ७९ आहे. त्यांच्या डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सेवेच्या पुस्तिकेत) आजोबांचे नाव ‘सिद्राम’ असे बरोबर लिहिलेले आहे, परंतु पीपीओत (निवृत्तिवेतन देण्याच्या आदेशात) आणि संरक्षण खात्याच्या निवृत्तिवेतनाच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत ते ‘सीताराम’ असे आले आहे. आईचे माहेरचे नाव शेवंता आणि लग्नानंतरचे मंगल. डिस्चार्ज बुकात शेवंता आहे, आधार व पॅन कार्डावर मंगल आहे, आणि पीपीओत तिचे नावही नाही व जन्मतारीखही नाही. बँकेत गेलो की पीपीओ दुरुस्त करून आणा म्हणतात. रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज पाठवला तर कागदपत्रे अपुरी आहेत असे उत्तर येते. सुरुवात कोठून करावी? राजपत्रात नाव प्रसिद्ध करणे आवश्यक आहे का? (एक वाचक, मोहोळ)

उत्तर : आपण एकाच अर्जात तिन्ही गोष्टी मागितल्या असाव्यात आणि तिथेच घोटाळा झाला असावा, असा माझा अंदाज आहे. आपल्या प्रकरणात तीन चुका असल्या तरी त्यांची जात निरनिराळी आहे, आणि ज्या कागदावर चूक प्रथम झाली त्या कागदापासूनच दुरुस्ती सुरू करावी लागते.

सैनिकाची मूळ नोंद म्हणजे त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसातील शीट रोल. नोकरीत असताना विवाह, अपत्य, बढती, रजा, शिक्षा असे जे काही घडते ते पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या लेखी आदेशाने, त्यात चढते. त्यावरून डिस्चार्ज बुक तयार होते, त्यावरूनच निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव प्रयागराजच्या रक्षा लेखा प्रधान नियंत्रक (पेन्शन) कार्यालयाकडे जातो आणि तेथून पीपीओ निघतो. बँक ही या साखळीची शेवटची कडी असल्यामुळे तिला स्वतःहून काहीच बदलता येत नाही. तेथे वाद घालण्यात वेळ दवडू नये.

आजोबांच्या नावाची चूक ही निव्वळ लेखनिकाची चूक आहे. सिद्धरामेश्वरांच्या मुलखाबाहेर सिद्राम हे नाव फारसे कानावर पडत नाही, त्यामुळे हिंदीभाषक लेखनिकाने ओळखीचे सीताराम लिहून टाकले असावे. आपल्याकडच्या ज्ञानदेवाचा ‘ग्यानदेव’ होतो आणि अक्कलकोटकडच्या शरणप्पाचे ‘शरण’ हे नाव व ‘अप्पा’ हे आडनाव होते, तेही याच रीतीने. डिस्चार्ज बुकातील नोंद बरोबर असल्यामुळे शीट रोलमधील नोंदही बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसे असेल तर येथे राजपत्राचा प्रश्नच उद्भवत नाही. वडिलांच्या सहीचा साधा अर्ज आणि डिस्चार्ज बुकाची साक्षांकित प्रत एवढ्यावर रेकॉर्ड ऑफिस शीट रोल पडताळून पीपीओच्या दुरुस्तीचा, म्हणजे ज्याला कॉरिजेंडम पीपीओ म्हणतात त्याचा, प्रस्ताव पाठवू शकते. हा अर्ज स्वतंत्रच पाठवावा, म्हणजे सोपे काम अवघड कामापायी अडून राहणार नाही.

आईच्या नावाबाबत खरे पाहता कोणाचीच चूक नाही. लग्नात नाव बदलण्याची आपल्याकडील रीत आणि पहिले नाव जन्मभर एकच राहील असे गृहीत धरणारे दफ्तर यांचा मेळ बसलेला नाही, इतकेच. येथे ‘नाव चुकले आहे’ असे न लिहिता ‘शेवंता आणि मंगल ही एकच व्यक्ती आहे’ असे लिहावे व तेच सिद्ध करावे. त्यासाठी आई आणि वडील या दोघांनी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर प्रतिज्ञापत्र करावे. नोटरीचे प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालते, परंतु रेकॉर्ड ऑफिसे बहुधा दंडाधिकाऱ्यांसमोरचेच मागतात, तेव्हा दोनदा खर्च कशाला करावा? सोबत आईचे आधार व पॅन कार्ड, माहेरच्या नावाचा शाळेचा दाखला असल्यास तो, आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडावे. विवाह पूर्वी नोंदवलेला नसेल तर ग्रामपंचायतीत विलंब शुल्क भरून आताही नोंदवता येतो.

राजपत्राविषयी माझे मत असे आहे की रेकॉर्ड ऑफिसने लेखी मागितल्याशिवाय त्या खर्चात पडू नये. राजपत्रातील प्रसिद्धी नाव बदलल्याचे जाहीर करते. दोन नावांची बाई एकच आहे हे सांगणारे प्रतिज्ञापत्र त्यानंतरही लागतेच. न्यायालयाच्या आवारात बसणारे काही मध्यस्थ मात्र प्रत्येकाला आधी राजपत्रच सुचवतात.

तिसरी बाब आपण पत्रात ओझरती लिहिली आहे, पण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तीच आहे. आईची जन्मतारीख पीपीओत नसणे आज कोणालाही जाणवणार नाही, कारण निवृत्तिवेतन वडिलांना मिळत आहे. उद्या कुटुंब निवृत्तिवेतन आईच्या नावे सुरू झाले, की वयाच्या ८० व्या वर्षापासून त्यात २० टक्के, ८५ व्या वर्षापासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० आणि शंभराव्या वर्षी १०० टक्के अशी वाढ मिळण्याचा हक्क आहे. पण नोंदीत जन्मतारीखच नसेल तर ती वाढ आपोआप लागू होणार नाही. शिवाय आज या दुरुस्तीसाठी वडिलांची सही उपलब्ध आहे. त्यांच्या पश्चात हेच काम करताना आईला आपण त्यांची पत्नी आहोत येथपासून सिद्ध करावे लागेल. म्हणून दुसरा अर्ज करताना पत्नीच्या नावाची पीपीओत नोंद आणि तिची जन्मतारीख या दोन्ही गोष्टी एकत्र मागाव्यात, आणि त्याआधी आधार, पॅन व बँक खाते या तिन्हींवर नाव अक्षरशः सारखे आहे याची खात्री करावी.

अर्जात सेवा क्रमांक त्याच्या शेवटच्या अक्षरासह पूर्ण लिहावा, हुद्दा, पीपीओ क्रमांक आणि निवृत्तीची तारीख द्यावी, आणि ‘सध्याची नोंद’ व ‘हवी असलेली नोंद’ समोरासमोर मांडावी. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद तपासून घेऊन त्यांच्यामार्फत अर्ज पाठवला तर तो अपुरा म्हणून परत येण्याची शक्यता बरीच कमी होते. रेकॉर्ड ऑफिस प्रत्येक रेजिमेंटचे वेगळे असते: मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, सिग्नल्सचे जबलपूरला. स्पर्शवर मोबाइल क्रमांक, पत्ता यांसारखे बदल निवृत्तिवेतनधारकाला स्वतः मागता येतात. नाव आणि जन्मतारीख यांची विनंती तेथे नोंदवली तरी तिला रेकॉर्ड ऑफिसची मान्यता लागते, हे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : माझी जन्मतारीख डिस्चार्ज बुकात १ जून १९५२ आहे, आधार कार्डावर ती १९५४ मधील आहे. खरी तारीख दोन्हींहून वेगळी आहे, असे घरातील वडीलधारे सांगत असत. हयातीच्या दाखल्याच्या वेळी दरवर्षी अडचण येते. सैन्याची नोंद बदलून घ्यावी का? (एक माजी सैनिक, अक्कलकोट तालुका)

उत्तर : नाही, आपण आधारवरची तारीख बदलून घ्यावी. भरतीच्या वेळी दिलेली आणि नोकरीभर मान्य केलेली जन्मतारीख सेवेच्या अखेरीस बदलून मागता येत नाही, हा दंडक न्यायालयांनी वारंवार उचलून धरला आहे; निवृत्तीनंतर तर तो अर्ज टिकण्याची आशाच धरू नये. मास्तरांनी शाळेत नाव घालताना १ जून लिहून टाकण्याची पद्धत आपल्या पिढीतील निम्म्या गावाला ठाऊक आहे, पण त्यामुळे ती तारीख कायद्याच्या दृष्टीने कच्ची ठरत नाही.

आधारवरील जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, त्यामुळे केंद्रावर जाण्यापूर्वी पीपीओ, डिस्चार्ज बुक आणि शाळेचा निर्गम उतारा एकमेकांशी जुळतात की नाही ते नीट पाहावे. आपले शिक्षण कन्नड शाळेत झाले असेल तर दाखल्याचे अधिकृत भाषांतर सोबत न्यावे. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असे आधार प्राधिकरणानेच २०२३ साली स्पष्ट केले आहे, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वय ठरवताना आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. त्यामुळे या दोन कागदांपैकी कोणत्या कागदाने माघार घ्यायची याविषयी मनात शंका ठेवू नये. घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली तिसरी तारीख वाढदिवसासाठी राखून ठेवावी.

प्रश्न : डिस्चार्ज बुकात माझी एकूण सेवा १७ वर्षे ४ महिने आहे, पीपीओत मात्र अर्हताकारी सेवा १६ वर्षे ६ महिनेच धरली आहे. ही चूक दुरुस्त होईल का, आणि थकबाकी मिळेल का? (एक माजी सैनिक, सांगोला)

उत्तर : ही चूक आहे असे आधीच धरून चालू नये. एकूण सेवा आणि निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी सेवा यांत फरक असू शकतो. विनापरवाना गैरहजेरीचे किंवा कैदेच्या शिक्षेचे दिवस वजा होतात. आपल्याला असे काही आठवत नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून रेकॉर्ड ऑफिसकडे दोन गोष्टी मागाव्यात: अर्हताकारी नसलेल्या सेवेचा तपशील, आणि ज्या पार्ट टू ऑर्डरने ती नोंदली गेली तिची प्रत. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. ऑर्डरच नसेल किंवा ती दुसऱ्या कोणाची असेल, तर आपली बाजू भक्कम झाली असे समजावे.

एवढा खटाटोप करण्याजोगा फरक आहे का, असेही आपण विचारू शकाल. समान हुद्दा समान निवृत्तिवेतन योजनेचे तक्ते हुद्दा, गट आणि अर्ध्या-अर्ध्या वर्षाच्या सेवेनुसार केलेले आहेत आणि तीन महिने किंवा त्याहून अधिक असलेला अपूर्णांक अर्धे वर्ष धरला जातो. आपली १७ वर्षे ४ महिने मान्य झाली तर ती साडेसतरा वर्षे होतात, म्हणजे आपण तक्त्यात दोन ओळी वर जाता. ही योजना १ जुलै २०१४ पासून लागू आहे आणि २०१९ व २०२४ मध्ये तिची फेररचना झाली, त्यामुळे फरक प्रत्येक तक्त्यानुसार वेगळा काढावा लागेल.

रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी निवेदन द्यावे आणि पोच जपून ठेवावी. उत्तर नकारार्थी आले किंवा सहा महिने काहीच उत्तर आले नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज करता येतो. नकाराच्या आदेशापासून त्यासाठी साधारण सहा महिन्यांची मुदत असते. दरमहा कमी मिळणारे निवृत्तिवेतन ही सतत चालू राहणारी तक्रार असल्याने केवळ उशीर झाला म्हणून दाद नाकारली जात नाही, परंतु तरसेम सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानुसार थकबाकी सर्वसाधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. त्यामुळे माहितीच्या अधिकाराचा अर्ज या महिन्यातच टाकावा.