भावाला सुरा देताना

वर्तकनगर, ठाणे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

भावाला भेट द्यायच्या सुऱ्यांचे तू व्हॉट्सॲपवर पाठवलेले चारही फोटो पाहिले. तिथेच उत्तर देणार होतो, पण त्या बारक्या कीबोर्डवर माझं बोट भलत्याच अक्षरावर पडतं आणि सांगायचं बरंच आहे. म्हणून हे पत्र.

आधी निकाल. चारांतले तीन रद्द. काळं पातं, पाठीवर करवतीचे दात आणि मुठीच्या बुडाला होकायंत्र असलेला, तुला सगळ्यात आवडलेला, तो पहिला रद्द. "हा जरा साधाच आहे" म्हणून शेवटी टाकलेल्या चौथ्याबद्दल बोलता येईल.

रागावू नकोस. अगदी तसाच सुरा मी घेतला होता. फौजेतल्या नोकरीचं तिसरं वर्ष असेल. सुट्टीवरून परत जाताना एका स्टेशनाबाहेर घेतला. मूठ पोकळ, बुडाचं झाकण फिरवलं की आत काड्या, मासे धरायचा गळ, सुई-दोरा. आमच्या एलएडीत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तुकडीत, आठवडाभर तो दाखवत मिरवलो. मग लडाखमध्ये एकदा सुट्या भागांच्या लाकडी खोक्याची फळी उचकटायला तो घातला, आणि हातात नुसती मूठ राहिली. पातं खोक्यात. आत डोकावून पाहिलं तर पात्याची शेपटी जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी, तिला बारीक बोल्ट वेल्ड करून लावलेला आणि भोवती लाख ओतलेली. आमच्या हवालदारांनी ती मूठ घेतली, झाकण फिरवून आतल्या काड्या काढल्या, विडी पेटवली आणि उरलेली मूठ मला परत दिली. बोलले काहीच नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट हीच बघायची. पात्याची पट्टी मुठीतून पार शेवटपर्यंत गेलेली हवी. दुकानदार त्याला फुल टँग म्हणतात. मूठ वरून बघितलीस की दोन फळ्यांच्या मधोमध पोलादाची रेघ दिसते. ती दिसली पाहिजे. रबराने मढवलेल्या मुठीत दिसत नाही. मग सरळ विचारायचं, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर तिथून निघायचं.

पण त्याच्याही आधी भावाला फोन कर. अग्निवीर होऊन त्याला अजून वर्ष झालेलं नाही. नव्या पोराने स्वतःचा सुरा कमरेला लावून फॉलइनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, उभं राहावं, हे काही पलटणीत चालतं, काहींत अजिबात नाही. किट तपासणीत सापडला तर सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) साहेब तो स्टोअरमध्ये जमा करून घेतील आणि तुझी भेट सुट्टीच्या दिवशीच त्याला परत दिसेल. त्याने आधी विचारून ठेवलं की प्रश्न मिटला. अचानक देऊन त्याला चकित करायचं आहे, हे मला कळतं. या एका वस्तूच्या बाबतीत तो हट्ट सोड.

आणि हे मनात पक्कं ठेव की तू त्याला हत्यार देत नाहीयेस. हत्यार त्याला सरकारने दिलंय. रायफल आहे, तिची संगीन आहे, दोन्ही कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, मोजून जमा होतात. तुझा सुरा नायलॉनची दोरी कापायला, ताडपत्रीची पट्टी सोडवायला, तंबूची खुंटी तासायला, रेशनचं खोकं फोडायला, रात्री बराकीत कांदा चिरायला. दिवसात वीस वेळा हातात येणारी वस्तू आहे ती. त्याला चार, फार तर साडेचार इंचांचं पातं पुरतं. जाडी तीन-साडेतीन मिलिमीटर. पाच-सहा मिलिमीटरचं जाड पातं फोटोत दणकट दिसतं, पण त्याने कांदा चिरत नाही, फुटतो. पाठीवरचे करवतीचे दात लाकडात अडकतात; आणि अंगठा पाठीवर टेकवून जोर द्यायची जागा ते खातात ती वेगळीच.

खुकरी का नको, असं तू विचारलंस. खुकरी झकास वस्तू आहे. ट्रकच्या कमानपाट्यापासून लोहार घडवतात, ते पोलाद मार खायलाच बनलेलं असतं. पण ती गुरखा पलटणींची ओळख आहे. तुझा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीचा, बेळगावच्या सेंटरचा. त्याला ती जड पडेल आणि लांबीचाही घोळ आहे, तो पुढे सांगतो.

आता पोलाद, म्हणजे माझा विषय. फौज सोडल्यावर वीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि अवजारं बनवायच्या खात्यात, काढली. (एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली याच वागळे इस्टेटमधून झाली, हे आता तिथल्या कॉल सेंटरमधल्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं.) तुझ्या दुसऱ्या फोटोत पात्यावर "डी२" कोरलंय. आम्ही प्रेसच्या डाया त्याच पोलादाच्या करायचो. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन, बारा टक्के क्रोमियम. धार महिनोन्महिने टिकते, पण एकदा गेली की परत आणायला घाम निघतो आणि ओल्यात ते गंजतंही. शिवाय नाव कोरलंय म्हणजे पोलाद तेच आहे असं नाही. पुतण्याने असाच एक "डी२" सुरा स्वस्तात आणला होता. मी तो कंपनीत नेऊन कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनखाली ठेवला. चांगल्या डी२ला पाणी नीट दिलेलं, म्हणजे तापवून नीट कडक केलेलं, असेल तर आकडा ५८ ते ६० यायला हवा. काटा ४७ वर थांबला. मशीनवर शंका नको म्हणून तीन ठिकाणी टोचून पाहिलं. तीन बारीक खड्डे पडले आणि पुतण्या आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

भाऊ ईशान्येला आहे. तिथला पाऊस आपल्या ठाण्याच्या पावसाला लाजवेल असा. तेव्हा त्याला स्टेनलेसच घे. साधं कार्बन पोलाद मला स्वतःला जास्त आवडतं, दगडावर चार हात मारले की धार येते, पण रोज पुसून तेलाचा हात लागतो आणि विशीतली पोरं तेवढं करत नाहीत. स्टेनलेसमध्ये स्वीडनचं १२सी२७ चांगलं, ४४०सी चांगलं. पात्यावर नुसतं "४२०" असेल तर नावाला हसून सोडून देऊ नकोस. तेही खरंखुरं पोलाद आहे, गंजत नाही म्हणून डायव्हर लोक वापरतात. फक्त धार लवकर जाते. नुसतं "सर्जिकल स्टील" लिहिलं असेल तर मात्र ठेवून दे. त्या शब्दाने काहीच कळत नाही.

मूठ धातूची नको. थंडीत उघडा धातू बोटांना चिकटतो, मी कातडी सोलून घेतलेली आहे. मायकार्टा म्हणून एक येतं, कापडाचे थर राळेत दाबून केलेलं. ओल्या हातातही सुटत नाही. म्यान कातड्याचं सुंदर दिसतं, पण जुलैत तुमच्या ऐरोलीच्या कपाटातल्या बुटांचं काय होतं ते आठव. कातडं ओल धरतं आणि पातं त्या ओलीत झोपतं. प्लास्टिकचं घट्ट बसणारं म्यान घे. उलटं धरून झटकायचं. सुरा पडता कामा नये आणि खुळखुळताही.

कायद्याचं सांगतो, हे नीट वाच. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत तलवार, खंजीर, संगीन यांची नावंच दिलेली आहेत, आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरेही त्याच यादीत येतात. घरकाम, शेती, कारखान्यासाठी बनवलेले वगळून. मोठ्या खुकरीची गोची ती हीच. म्हणून दुधारी नको, लांब नको, आणि बिल हवंच. शिवाय ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, पोलीस आयुक्त सणासुदीला मनाई हुकूम काढतात. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७. त्यात सुरे, लाठ्या, तलवारी बाळगायला बंदी असते. तेव्हा खोक्यात, बिलासकट, पिशवीच्या तळाशी घालून सरळ घरी ने. हातात धरून तलावपाळीवर रील करू नकोस. भाऊ विमानाने परत जाणार असेल तर सुरा चेक-इन बॅगेत, म्यानात, वर कापड गुंडाळून. कुरिअरच्या फंदात पडूच नकोस, तो दिवाळीला येतोयच.

त्याचं नाव कोरायचं म्हणतेस. आद्याक्षरं दोन, मुठीजवळ, लेझरने. पलटणीचं नाव आणि नंबर मुळीच नको. वागळेत मार्किंग करणारे माझ्या ओळखीचे आहेत. आणि "जरा धार लावून देऊ का" असं कोणी म्हणालं तर सुरा हातात देऊ नकोस. सायकलवरच्या धारवाल्याचं कोरडं चाक पात्याला इतकं तापवतं की धारेवर निळी झाक येते. निळी झाली की तिचं पाणी उतरलं. त्यापेक्षा सुऱ्याबरोबर दोन बाजूंचा एक छोटा दगड आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली दे. ही दोन्ही मिळून सुऱ्याच्या दहाव्या हिश्शातही येतील.

तुझ्या आईचं म्हणणं, धारेची वस्तू भेट दिली की नात्यात वितुष्ट येतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. भावाकडून एक रुपया घे, म्हणजे विकत दिला झालं. हातात न देता पाटावर ठेव, विळी ठेवतो तशी. खंडेनवमीला सुरा घरात आलेला असेल, तर पूजेत जरूर मांड. फक्त संध्याकाळी पुसून टाक. आमच्या टूलरूममध्ये एका खंडेनवमीला सरफेस प्लेटवर, म्हणजे मापं तपासायच्या सपाट लोखंडी पाटावर, ओलं कुंकू रात्रभर तसंच राहिलं. दोन दिवस सुट्टी होती. आलो तेव्हा पाच बोटांचे पाच तांबडे डाग लोखंडात उतरले होते, मी निवृत्त झालो तोवर गेले नव्हते.

येत्या रविवारी दहा वाजता जांभळी नाक्याला भेट. तिथल्या एका हार्डवेअरवाल्याकडे दोन-तीन चांगले नग असतात, फोटोपेक्षा हातात धरून बघू. मी कानस घेऊन येतो. मुठीच्या बुडाशी हळूच फिरवली की कळतं, घसरली तर पोलाद कडक, चावली तर मऊ. दुकानदाराला विचारूनच फिरवीन, घाबरू नकोस. तू भावाला सांगून त्याच्या उजव्या पंजाचा कागदावर आकार काढून फोटो मागव. शेजारी पट्टी ठेवायला सांग, नाहीतर माप कळायचं नाही. आणि सीएचएम साहेब काय म्हणाले ते शनिवारपर्यंत कळव.

तुझा,
काका