सध्या हॅण्डहेल्ड कन्सोलवर तुम्ही कोणते गेम खेळताय, आणि ते कसे वाटतात?

निपाणीहून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: सध्या मी काय खेळतोय, आणि आपल्या भागात राहून असं यंत्र घेण्यात अर्थ आहे का. माझ्याकडे निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या हातात धरून खेळायच्या यंत्राचं ओलेड (जास्त उठावदार पडद्याचं) मॉडेल आहे, २०२१ साली आलेलं, सात इंची पडद्याचं. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये शिफ्टला असतो आणि राहायला वडगावात आहे. संध्याकाळी टीव्ही आईच्या मालिकांचा असतो, पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, आणि ओव्हरटाइम लागला की आठवडा कसा गेला ते कळत नाही. माझं खेळणं या सगळ्यातून उरलेल्या वेळातलं आहे. माझी मतंही तिथूनच आलीत.

हातातल्या यंत्रावरचा गेम मी मुख्यतः एकाच गोष्टीवर जोखतो: मधेच खाली ठेवला तर तो रुसतो का? स्विचचं वरचं बटण दाबलं की गेम आहे तिथं थांबतो. सोडलेला बाण हवेत असला तर हवेतच राहतो, आणि पुन्हा बटण दाबलं की तिथूनच पुढं जातो. ही सोय यंत्राची झाली. पण प्रत्येक गेमची घडण या सोयीला साजेशी असतेच असं नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातोय तो 'झेल्डा: टियर्स ऑफ द किंग्डम'मध्ये. मे २०२३ मध्ये आला. तलवार, राक्षस, हरवलेली राजकन्या हे सगळं त्यात आहेच, पण मला त्यानं धरून ठेवलं ते अल्ट्राहॅण्ड नावाच्या एका शक्तीमुळं. समोरची जवळपास कुठलीही वस्तू उचलायची, फिरवायची आणि दुसऱ्या वस्तूला चिकटवायची. फळी, चाक, पंखा, स्टिअरिंगची काठी. चिकटवलेल्या जागी हिरवा चिकट थर दिसतो, आपण वेल्डिंगचा तात्पुरता टाका, म्हणजे टॅक, मारून बघतो ना, तसा. पटलं नाही तर हलवून तोडायचं आणि पुन्हा लावायचं.

पुढं एक पंखा, मागं एक पंखा, मधे स्टिअरिंगची काठी, एवढ्या तीन वस्तूंत उडणारी गाडी होते. जगभरच्या खेळाडूंची ती आवडती आहे. पण पंख्यांचा कोन जरा चुकला की ती तोंड वर करते, नाहीतर एका अंगाला ओढते. मग खाली उतरायचं, सोडवायचं, पुन्हा सेटिंग करायचं. गेममधल्या बॅटरीचाही हिशोब आहे: चार्ज संपला की पंखे बंद आणि गाडी खाली. गेम तुम्हाला वजन, आधार, तोल यांचं एक अक्षर शिकवत नाही, पण ते सगळं पाळतो. रोज मशीनवर जॉब बांधणाऱ्या माणसाला हे बघून किती बरं वाटतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

यातला माझा सगळ्यात आवडता भाग तसा किरकोळ आहे. अॅडिसन नावाचा एक माणूस देशभर आपल्या मालकाच्या जाहिरातीचे फलक उभे करत फिरतो. प्रत्येक वेळी तो फलक दोन्ही हातांनी धरून उभा असतो, कारण सोडला की पडतो. शेजारी फळ्या-ओंडके पडलेले असतात. आपण असा टेकू द्यायचा की त्यानं हात काढल्यावर फलक उभा राहील. प्रत्येक फलकाचा आकार वेगळा, म्हणून प्रत्येकाचा तोल वेगळा, आणि बरोबर उत्तर एकच असं कधीच नाही. आमच्या शॉपमधल्या एका वयस्कर फिटर मामांना जेवणाच्या सुट्टीत मी असा एक फलक दाखवला. मी खालून ओंडका लावत होतो. मामांनी आयुष्यात कधी गेम खेळलेला नाही. पडद्याकडं क्षणभर बघून म्हणाले, "खालनं कशाला? मागनं टेकू दे की." तसं केलं आणि फलक उभा राहिला. आता दुपारी ते स्वतःच विचारतात, आज कुठला बोर्ड आहे म्हणून.

या गेमची खोट त्याच्या पसाऱ्यात आहे. आकाशातली बेटं, जमीन आणि जमिनीखालचं अंधारं जग असे तीन थर आहेत. ओव्हरटाइमचे दोन आठवडे मधे गेले की कुठलं बटण कशाला, कुठल्या कामाला निघालो होतो, काहीच आठवत नाही. म्हणजे थांबवायला सोपा, पण परत धरायला अवघड. काही ठिकाणी चित्रही अडखळतं, पण त्याचं मला फारसं वाटत नाही.

उलट 'स्टारड्यू व्हॅली' कधीच रुसत नाही. एरिक बॅरोन या अमेरिकन माणसानं चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग असं सगळं एकट्यानं चार वर्षांहून जास्त राबून केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये गेम बाहेर काढला. आजवर ४ कोटींहून जास्त प्रती खपल्यात. आजोबांची पडीक जमीन वाट्याला येते, ती साफ करायची, पेरायचं, पाणी घालायचं. गेममधला एक दिवस साधारण १४ मिनिटांत उरकतो, त्यामुळं चहाच्या वेळेतही एक दिवसाची शेती होते. फक्त एक सांभाळा: तो सेव्ह होतो रात्री झोपल्यावरच. लाईट नाही आणि बॅटरी तळाला आली आहे, अशा वेळी आधी आपल्या शेतकऱ्याला झोपवा, मग यंत्र ठेवा.

आईचं माहेर बेळगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाचं, रताळ्याच्या पट्ट्यातलं. मालिकेत जाहिराती लागल्या की ती माझ्या शेताकडं बघते. पाऊस पडला की त्या दिवशी पाणी घालावं लागत नाही, हे तिला पटलं. २८ दिवसांचा हंगाम सरला की त्या हंगामाचं पीक जागच्या जागी वाळतं, हेही चाललं. पण मी एका दिवसात पेटीभर माल विकला आणि दर तोच राहिला, तेव्हा तिनं विचारलं, "एवढा माल घातलास तरी दर तोच व्हय?" तोच. या गेममध्ये आवक वाढली म्हणून भाव पडत नाही. मार्केट यार्डात रताळ्याची पोती उतरायला लागली की दराचं काय होतं ते बघत जी माणसं मोठी झाली, त्यांना ही गोष्ट लगेच खटकते, आणि खटकायलाच पाहिजे. माझ्या मते या सुंदर गेममधली सगळ्यात मोठी काल्पनिक गोष्ट तीच आहे: घाम गाळला तर पैसे नक्की. लोकांना त्यात विसावा का मिळतो, याचं कारणही मला तिथंच दिसतं.

'राजी: अॅन एन्शंट एपिक' मी संपवला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला, ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवरच आला. भावाला शोधत निघालेली राजी नावाची मुलगी, तिच्या हातात दुर्गेनं दिलेला त्रिशूळ, आणि विष्णू आणि दुर्गा तिची गोष्ट सांगताहेत. राजस्थानी किल्ले, हवेल्या, भिंतींवरची चित्रं ओलेड पडद्यावर डोळे भरून बघावीत अशी आहेत. लढाई मात्र जड वाटते, बटण दाबलं आणि हालचाल झाली यांत किंचित अंतर पडतं, आणि शेवट घाईत गुंडाळलाय. तरीही आपल्या देवळांतून चालत जायचा गेम आपल्या माणसांनी केला, याचा मला मनापासून अभिमान आहे आणि त्यांनी पुढं आणखी करावं असं वाटतं.

'अ शॉर्ट हाइक' एका बैठकीत संपतो. क्लेअर नावाची पक्षीण फोनला रेंज मिळावी म्हणून डोंगर चढते, एवढीच गोष्ट. आमच्याकडच्या डोंगरातल्या कणकुंबी-जांबोटीकडं ज्यांचे पाहुणे आहेत त्यांना ती समजावून सांगायला नको.

राहिला 'मारिओ कार्ट ८ डिलक्स', २०१७ चा. हा माझ्यापेक्षा गल्लीतल्या पोरांचा जास्त. स्विचचे दोन्ही बाजूचे कंट्रोलर सुटे होतात, दोघांच्या हातात एकेक द्यायचा आणि यंत्र मागच्या टेकूवर स्टुलावर उभं करायचं. पडदा अर्धा अर्धा होतो, लहान पडतो, पण पोरांना फरक पडत नाही. माझी पुतणी आणि शेजारच्या कन्नड घरातली दोन पोरं एकत्र खेळतात, आणि आरडाओरडा मराठीत, कन्नडात, दोन्ही मिसळून चालतो. धाकट्यासाठी स्मार्ट स्टिअरिंग सुरू करून ठेवतो, म्हणजे गाडी रस्त्याबाहेर जात नाही आणि तो रडत नाही.

आता घ्यावं का ते. तुमच्या घरी असंच टीव्हीवरून आणि लाईटवरून चालत असेल, तर घ्या, हे मी खात्रीनं सांगतो. पण काही गोष्टी आधी माहीत असू द्या. निन्टेन्डो हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकत नाही. मिळतं ते बाहेरून आणलेलं, म्हणून वॉरंटी दुकानदार देईल तेवढीच, ती बिलावर लिहून घ्या. तुम्हाला कोल्हापूर जवळ आहे, तिथं चौकशी करून हातात धरून बघा. 'स्विच लाइट' नावाचं स्वस्त मॉडेल टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटत नाहीत, म्हणून घरात दोन मुलं असतील तर ते नको. जून २०२५ पासून स्विच २ आलाय, आणि स्विचच्या गेमची जुनी बहुतेक कार्डं (यंत्रात घालायची, गेम असलेली छोटी चकती) त्यावर चालतात, त्यामुळं आज घेतलेलं कार्ड वाया जात नाही. गेम शक्यतो डाउनलोड न करता कार्डावरच घ्या. बहुतेक कुठल्याही देशातलं कार्ड चालतं, मित्राला देता येतं, नको झालं तर विकता येतं. घरात रांगतं मूल असेल तर आणखी एक: ही कार्डं मुद्दाम अतिशय कडू केलेली असतात, मुलांनी गिळू नयेत म्हणून. तरी हाताला लागतील अशी ठेवू नका.

यंत्रात मराठी नाही, कन्नडही नाही. झेल्डात आणि स्टारड्यूमध्ये इंग्रजी वाचावं लागतं, लहान मुलांना शेजारी बसून सांगावं लागतं. मारिओ कार्टला वाचायचं असं काहीच नाही. म्हणून पहिलं कार्ड त्याचं घ्या, मग स्टारड्यू, आणि झेल्डा दिवाळीच्या सलग सुट्टीत सुरू करा.