पुस्तकांवर बोलायची वेळ आली की गप्प का बसतो?

"वाचन भरपूर आहे, पण चार माणसांत त्यावर बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते." ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणारी माणसं बहुधा पट्टीची वाचणारी असतात.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अशाच एक बाई. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० सालचं ग्रंथालय, आणि यांच्या घरात सासऱ्यांच्या काळापासून तिथली पुस्तकं येतात. शेजारणींनी महिन्यातून एकदा जमून पुस्तकांवर गप्पा मारायचं ठरवलं आणि यांची झोप उडाली. "मॅडम, मी रहस्यकथा वाचतो. शेवट आधी बघतो. नाही आवडलं तर मधेच सोडतो. तिथं एक प्राध्यापिका येतात, त्यांच्यासमोर हे कसं सांगू?"

म्हणून त्या आदल्या रात्री परीक्षणं वाचून चार वाक्यं पाठ करायच्या. वेळ निभावायची, पण पुढच्या महिन्यात भीती तेवढीच. यात नवल नाही. पाठ केलं म्हणून निभावलं, एवढंच मन धरून बसतं. पाठ न करता काय झालं असतं, हे कधी कळतच नाही. भीती त्या पाठांतरावरच पोसली जाते. (लग्नकार्यात, बँकेत, सगळीकडेच असं होत असेल, तर प्रश्न पुस्तकांपुरता नाही. मग प्रत्यक्ष तज्ज्ञांना भेटावं.)

आम्ही ठरवलं, यावेळी पाठांतर बंद. पुस्तकावर मत द्यायचं नाही, आपण कसं वाचतो तेवढंच सांगायचं. जाण्याआधी काय होईल असं वाटतं ते कागदावर लिहायचं, आल्यावर त्याखाली काय झालं ते. त्यांनी लिहिलं, "सगळ्या हसतील."

एक जण हसली, खरंच. पण शेवट आधी का बघता, असं दुसरीनं विचारलं. "माणूस जगतो की मरतो ते कळलं की निवांत वाचता येतं," हे यांचं उत्तर. मग कोण रात्री वाचतं, कोण कोपरे दुमडतं, कोण नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवतं, यावर तास गेला.

तरी कागदावर शेवटी होतंच, "प्राध्यापिका नाराज झाल्या."

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. पोहे खात होत्या."

मी म्हटलं, मग तेवढंच लिहा.