आधी आजार, मग लस

अगं पोरी,

परवा फोनवर म्हणालीस, "मॅडम, मी गप्पच बसले," ते काही डोक्यातून जाईना. तुझ्या वर्गातल्या त्या मुलानं विचारलं की गोवराच्या साथीत आजारी पडलेल्यांत लस घेतलेलेच जास्त होते, मग लस कशाला, आणि तू "नंतर बघू" म्हणून अँटिबॉडीची आकृती काढायला लागलीस. सुरुवातच चुकीच्या टोकाकडून झाली गं. आधी आजार शिकवायचा, मग लस.

या मुलांनी घटसर्प बघितलेला नाही, घशात राखाडी पडदा धरतो आणि लेकरू श्वासासाठी तडफडतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. देवीचा रोग जगातून गेल्याचं तर 1980 मध्येच जाहीर झालं. त्यांना दिसते ती फक्त सुई, दुखणारा दंड आणि रात्रीचा ताप, मग शंका सुईचीच येणार ना!

त्या मुलाच्या प्रश्नाचं गणित फळ्यावर मांड. हजार मुलांची शाळा, 950 जणांनी गोवराचा एक डोस घेतलाय, 50 जणांनी काहीच नाही, आणि विषाणू सगळ्यांपर्यंत पोचला असं धर. एक डोस साधारण 93 टक्के संरक्षण देतो, म्हणजे लसवाल्यांतले 66-67 जण उघडे राहतात, आणि उघड्या दहातल्या नऊ जणांना गोवर होतो, म्हणजे लसवाले साधारण 60 आजारी. बिनलसीच्या 50 जणांतही दहातल्या नऊ जणांना, म्हणजे 45. झालं की त्याचं म्हणणं खरं! आता विचार, लसच नसती तर किती? 900. दुसरा डोस कशाला ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

मी हे फार उशिरा शिकले. कितीतरी वर्षं सक्रिय-निष्क्रिय प्रतिकारशक्तीचा तक्ता लिहून द्यायचे, मुलं पाठ करायची, मार्क पडायचे. एकीनं विचारलं होतं, लसीनंतर ताप येतो म्हणजे लसीनंच आजार होतो का? मी म्हटलं, परीक्षेला नाही ते, खाली बस. तिनं परत कधीच काही विचारलं नाही. शरीर लसीला ओळखून कामाला लागलंय, त्याचा ताप आहे तो, एवढं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. अजून सलतं.

नंतर मी आजारांनाच आठवडा द्यायला लागले, पोर्शन मागे पडायचा, बोलणी खाल्ली, पण चुकलं असं आजही वाटत नाही. गोवराच्या लसीचे दोन्ही डोस 95 टक्के लोकांनी घेतले तर लस न मिळालेल्या तान्ह्या बाळालाही आडोसा मिळतो. धनुर्वात मात्र मातीतून जखमेत शिरतो, माणसाकडून माणसाला होत नाही, तिथे शेजाऱ्यानं घेतलेली लस तुझ्या कामाची नाही. आजारच माहीत नसेल तर हा फरक कळणार कसा? सांग ना. म्हणून परत परत सांगतेय, आधी आजार.

आणि भीती घालू नकोस, आजार कसा पसरतो ते शिकव, बास.

उद्या त्याच वर्गावर जा. गणित त्याच मुलाकडून करून घे, खडू त्याच्या हातात दे आणि तू मागच्या बाकावर बस.

तुझी मॅडम