ट्रायलचा आठवडा पलंगावर काढू नका

तुमचं सगळं वाचलं. कमरेची दोन ऑपरेशनं झाली, तरी डाव्या पायातली आग जात नाही, त्यात मान आणि खांदा धरलेला. डॉक्टरांनी पाठीत स्टिम्युलेटर, म्हणजे मज्जारज्जूजवळ हलका करंट देऊन दुखणं दाबणारं यंत्र, बसवायचं सुचवलंय आणि ट्रायल, म्हणजे आधी काही दिवस तात्पुरतं लावून बघणं, पुढच्या महिन्यात आहे. एकाच मशीनमध्ये मान आणि कंबर दोन्ही भागेल का, खरंच फरक पडतो का, आणि घरच्यांना काय सांगून ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे, नाशिकला राहते, आणि माझ्या पाठीत हे यंत्र बसून सात वर्षं होत आली. त्या हिशोबानं वाचा.

मानेचं आधी सांगते, कारण ते लवकर संपतं. यंत्राचा करंट आत नेणारी लीड म्हणजे शेवयीपेक्षा जराशी जाड तार असते. तिच्या टोकाशी बारीक बारीक इलेक्ट्रोड असतात आणि ती मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सरकवतात. कंबर आणि पायासाठी तिचं टोक पाठीच्या आठव्या ते दहाव्या मणक्याच्या आसपास ठेवतात, म्हणजे साधारण ब्लाउजची मागची कड येते तिथे. मान आणि हातासाठी ती मानेतच वर न्यावी लागते. त्यामुळे कमरेसाठी घातलेल्या तारेनं मानेला काही होत नाही. मानेसाठी वेगळी तार आणि वेगळी ट्रायल. दुसरं म्हणजे तुमची मान कशी दुखते ते नीट बघा. दंडातून बोटांपर्यंत करंट मारल्यासारखी कळ जात असेल तर ती गोष्ट निराळी. नुसती मान आखडते, खांदे दगडासारखे होतात, असं असेल तर या यंत्राकडून फार अपेक्षा ठेवू नका. माझी मानही दुखायची. यंत्रानं तिचं काहीच झालं नाही. मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत आणला आणि रोज वीस मिनिटं कंटाळवाणे व्यायाम केले, तेव्हा ती सुटली.

हीच चाळणी कमरेलाही लावा. आग होणं, मुंग्या, सणक जाणं, चादरीचा स्पर्शसुद्धा नकोसा होणं, ही नसांची भाषा. उठता-बसता कमरेत भरणारी चमक बऱ्याचदा सांध्यांची आणि स्नायूंची असते. स्टिम्युलेटरला पहिली भाषा जास्त कळते. तुमच्या लिहिण्यात पायातली आग चार वेळा आलीय आणि कमरेची चमक एकदाच, हे मला बरं लक्षण वाटलं. पण तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: माझं किती दुखणं नसांचं आणि किती बाकीचं?

यामागची कल्पना आपल्याला लहानपणापासून माहीत असते. कोपर आपटलं की आपण आधी ते चोळतो. चोळण्याची संवेदना मणक्यातल्या दारात घुसते आणि दुखण्याची वाट अडवते. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली हा दरवाजाचा सिद्धान्त मांडला. दोनच वर्षांनी, १९६७ साली, नॉर्मन शिली या अमेरिकन न्यूरोसर्जननं कर्करोगाच्या वेदनांनी हैराण झालेल्या एका रुग्णाच्या मणक्यात पहिलं यंत्र बसवलं. म्हणजे हे काही कालपरवाचं खूळ नाही. मात्र यंत्र दुखण्याचं कारण काढत नाही. दबलेली नस दबलेलीच राहते, फक्त तिची बोंब वर कमी पोचते.

आता फरक पडतो का, ते. तुम्हाला ब्रोशर देतील त्यात सगळे हसरे आजी-आजोबा असतील. मी दोन्ही बाजू सांगते. पाठीच्या ऑपरेशननंतरही पाय दुखतच राहिलेल्या १०० जणांवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी स्टिम्युलेटरवाल्यांपैकी ४८ टक्के लोकांचं पायाचं दुखणं निम्म्यानं किंवा जास्त उतरलं होतं, नुसत्या औषधोपचारवाल्यांत ९ टक्के. छान वाटतं ना? पण कोण कुठल्या गटात आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं. पुढे २०२२ साली नॉर्वेत ५० रुग्णांवर आलटून पालटून यंत्र चालू आणि बंद ठेवलं, रुग्णाला पत्ता न लागू देता. तिथे बर्स्ट नावाच्या, करंट झुबक्या-झुबक्यांनी देणाऱ्या पद्धतीत आणि बंद यंत्रात सांगण्यासारखा फरक दिसला नाही. २०२३ साली कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं कंबरदुखीवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही निकाल यंत्राच्या बाजूनं लागला नाही. यावर डॉक्टरांमध्ये अजून जोरात वाद चालू आहेत. मग मी स्वतः का समाधानी आहे? कारण माझा पाय मला रात्री झोपू देतो. तुमचा देईल की नाही हे कुठलाही आकडा सांगणार नाही. ते ट्रायलमध्येच बघायला लागतं, आणि म्हणूनच इतकं लिहायला बसलेय.

ट्रायलला ऑपरेशन थिएटरात पालथं झोपवतात, पोटाखाली उशी. भूल फक्त जागेपुरती, कारण तुम्ही बोलायला हवे असता. कमरेच्या वरच्या भागातून जाड सुई घालून तार वर वर सरकवतात आणि एक्स-रेवर बघत राहतात. मग टॅब्लेट घेऊन उभा असलेला टेक्निशियन विचारतो, ‘आता कुठे वाटतंय?’ माझं पहिलं उत्तर होतं, बरगडीत. तार जरा कडेला गेली होती. ती मागे घेऊन परत सरकवली. मग मांडीत, मग पोटरीत, आणि एकदम तळव्यात, अगदी जिथे आग व्हायची तिथेच. कोणीतरी आगीवर ओला फडका टाकावा तसं वाटलं. मी रडले, हे लिहायला लाज नाही. यंत्राच्या करंटनं येणाऱ्या या मुंग्या नकोशा वाटणाऱ्यांसाठी १०,००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला दहा हजार ठोक्यांवर चालणारी पद्धतही आहे, तिच्यात काही जाणवत नाही. पण तिच्यात असं जागच्या जागी काही कळत नाही, परिणाम दिसायला दोन-तीन दिवस थांबावं लागतं.

मग तार पाठीवर चिकटपट्ट्यांनी चिकटवतात, बाहेरची छोटी बॅटरी कमरपट्ट्यात अडकवतात आणि घरी पाठवतात, साधारण पाच ते सात दिवस. आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. घरचे म्हणतात पडून राहा, तार हलेल. माणूस आठवडाभर उशा लावून पडून राहतो. पडून तसंही कमीच दुखतं, मग काय, ट्रायल पास! सहा महिन्यांनी कामाला लागल्यावर कळतं की काहीच बदललेलं नाही. तार हलू नये म्हणून वाकणं, पिळणं, हात डोक्यावर नेणं टाळायचं, ते बरोबर. पण बाकी जगायचं. मला ज्या तीन गोष्टी जमत नव्हत्या त्या मी वहीत लिहिल्या होत्या: ओट्याशी उभं राहून अर्धा तास पोळ्या करणं, मार्केटपर्यंत चालत जाऊन परत येणं, आणि सलग चार तास झोप. रोज रात्री फक्त ह्या तिन्हींपुढे काय झालं ते लिहायचे. दहापैकी किती दुखतं हा आकडा डॉक्टर विचारतातच, पण तो आकडा मूडवर चढतो-उतरतो. पोळ्यांचं तसं नसतं. तिसऱ्या दिवशी मी अकरा पोळ्या लाटल्या आणि मग लक्षात आलं की स्टूल ओढलंच नव्हतं.

ट्रायलमध्ये दुखणं निदान निम्म्यानं कमी झालं तरच पुढे जायचं, असा सर्वसाधारण नियम आहे. आणखी एक करा. एका दिवशी सांगून-सवरून यंत्र बंद ठेवा आणि काय होतं बघा. आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. बंद केल्यावर संध्याकाळपर्यंत पाय परत पेटला, तेव्हा माझ्या नवऱ्याची खात्री पटली. तोवर त्यांना सगळा मनाचा खेळ वाटत होता. त्या आठवड्यात आंघोळ नाही, फक्त अंग पुसायचं. शुगर असेल तर आधीच आटोक्यात आणा, कारण जंतुसंसर्ग झाला तर सगळं काढावं लागतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आजच सांगा, मणक्यात रक्त साचणं हा खेळ नव्हे. आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तर चिडू नका. दुखणं खोटं आहे म्हणून नाही पाठवत, तो तपासणीचाच भाग असतो.

कायमचं यंत्र बसवायची वेळ आली तर बॅटरीची जागा स्वतः ठरवून घ्या. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बॅटरी सहसा नितंबाच्या वरच्या भागात कातडीखाली ठेवतात. माझी बरोबर परकराच्या नाडीखाली आली. वर्षभर नाडी घासून तिथे काळं पडलं होतं, शेवटी इलॅस्टिकवाले पायजमे आले. तुमच्या बाबतीत पँटचा पट्टा. आदल्या दिवशी नेहमीची पँट घालून, खुर्चीत बसून, मोटारसायकलवर बसतो तसं बसून पेनानं खूण करून घ्या. ज्या कुशीवर झोपता ती बाजू सोडून. चार्जिंगवाली बॅटरी घेतलीत तर साधारण दहा वर्षं चालते, पण पट्टा बांधून बसावं लागतं. माझं पाच-सहा दिवसांनी तासभर, म्हणजे एक मालिका आणि बातम्या. बिनचार्जिंगची त्यापेक्षा बरीच लवकर संपते आणि बदलायला पुन्हा छोटं ऑपरेशन.

माझी तार सातव्या आठवड्यात सरकली. दोष कोणाचा नाही, माझाच. बरं वाटायला लागलं होतं, दिवाळी तोंडावर, आणि मी माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या काढायला हात वर केला. काही दुखलं नाही की आवाज झाला नाही. संध्याकाळी मुंग्या पायातून पोटात गेल्या, बस. रिमोटवरून प्रोग्रॅम बदलून बघितले, एक्स-रेत तार दीड मणका खाली आलेली दिसली. परत थिएटर, परत टाके. पहिले सहा ते आठ आठवडे वाकणं, वळणं, उचलणं बंद म्हणतात ते त्या तारेभोवती पेशी धरेपर्यंत असतं. बरं वाटण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

पैशाचं मोघमच सांगते, कारण किमती बदलतात. यंत्र बाहेरून येतं आणि खर्च काही लाखांत जातो. माझ्या विमा कंपनीनं आधी हो म्हटलं, मग ट्रायलचं बिल नाकारलं, मग अर्धं दिलं. विमा नियामकानं २०१९ साली १२ आधुनिक उपचारांची यादी काढली, तिच्यात मेंदूत बसवायचं डीप ब्रेन स्टिम्युलेशन आहे. एजंट तेच दाखवून ‘स्टिम्युलेशन कव्हर आहे’ म्हणतात. मणक्याचं वेगळं. ट्रायल आणि कायमचं यंत्र, दोन्हींचं पूर्वमंजुरीचं पत्र वेगवेगळं आणि लेखी घ्या.

घरच्यांना सांगायचं पहिलं म्हणजे शेकचं मशीन. फिजिओथेरपीत शॉर्टवेव्ह डायथर्मी देतात, ती या यंत्राच्या माणसाला कधीच चालत नाही. तारेतून उष्णता आत जाऊन मज्जारज्जूला इजा होऊ शकते. एका ठिकाणी खांद्यासाठी गेले होते, तिथल्या मुलीनं पॅड लावायला घेतलेच होते. मी सांगितलं तर म्हणाली, ‘काकू, खांद्याला लावतेय, पाठीला नाही.’ खांद्याला पण नाही! एमआरआय करायचा झाला तर यंत्राचं मॉडेल सांगितल्याशिवाय आत जायचं नाही, काहींना चालतो, काहींना अटींवर. पुढे कुठलंही ऑपरेशन असेल तर सर्जनला आधी सांगायचं, जाळून रक्त थांबवायच्या यंत्राचा प्रश्न असतो. विमानतळावर यंत्राचं ओळखपत्र दाखवायचं आणि हातानं तपासा म्हणायचं. मुंग्यांवाला प्रोग्रॅम चालू असताना गाडी चालवायची नाही, कारण मान-पाठ हलली की जोर अचानक वाढतो. उताणं झोपल्यावरही वाढतो, रात्री दचकू नका, रिमोटवर दोन बटणं कमी करा.

आणि एक शेवटचं, जे डॉक्टर सहसा सांगत नाहीत. दहनाआधी ही बॅटरी काढावी लागते, नाहीतर उष्णतेनं फुटते. पेसमेकरचंही तसंच. मी हे जेवताना मुलाला सांगितलं तर म्हणाला, ‘आई, आमटी वाढ.’ म्हणून ओळखपत्राच्या मागे चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय, आणि ते कार्ड गॅसच्या पुस्तकात आहे, जिथे त्याला कधीतरी हात घालावाच लागतो.