मुंबईत बाल्कनीतल्या कुंडीत हळद होते का? पातोळ्यांपुरती (हळदीच्या पानात वाफवतात त्या) पानं आणि थोडी ओली हळद मिळाली तरी पुरे.

होते, आणि दोन्ही मिळतं. फक्त वाण्याकडची हळकुंडं लावू नका. ती उकडून वाळवलेली असतात, जन्मात फुटायची नाहीत. थंडीत दादरच्या भाजीबाजारात ओली हळद येते. तिच्यातले टणक, ठसठशीत डोळ्यांचे कंद निवडून कोरड्या वाळूत, सावलीत ठेवा.

लागवड मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. कंद आडवा पसरतो, म्हणून 15 इंच रुंद आणि 12 इंच खोल ग्रो बॅग घ्या. तीत दोन तुकडे पुरेत. तुकडा 25-30 ग्रॅमचा, दोन-तीन डोळ्यांचा, दोन इंच खोल. माती, गांडूळखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समसमान. पिशवी पाऊणच भरा, कारण सांगतो पुढे. कोंब यायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर उकरून बघू नका आणि पाणीही बेतानेच घाला.

खरी परीक्षा जुलैत. खालची भोकं बुजली किंवा ताटलीत पाणी साचलं की कंदकूज लागते. पानं कडेने पिवळी पडतात, बुंधा मऊ होतो आणि जरा ओढलं की रोप हातात येतं. ते वाचत नाही, कुजक्या कंदासकट काढून टाका. ताटली पावसाळाभर बाजूला ठेवा, पिशवी दोन विटांवर चढवा. (खालच्या मजल्यावरून तक्रार येईल, ती वेगळी निस्तरा.) ट्रायकोडर्मा (कंदकुजीला रोखणारी उपयोगी बुरशी) लागवडीलाच मातीत मिसळलेला बरा, रोग दिसल्यावर फारसा उपयोग नाही.

ऑगस्टमध्ये भर द्या, म्हणजे ती रिकामी ठेवलेली पाव पिशवी माती-खताने भरा. कंद उघडे राहिले तर कंदमाशी अंडी घालते.

पानं तोडताना बाहेरचीच, रोपामागे एक-दोन. पोग्याला, म्हणजे मधल्या न उलगडलेल्या पानाला, हात नको. पानं ओरबाडली की कंद बारीक राहतो. घरात नागपंचमी आणि गौरी दोन्हीला पातोळ्या असतील तर पानांसाठी वेगळी पिशवीच लावा.

जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी होऊन लोळली की पाणी तोडा, दोनेक आठवड्यांनी उपसा. पावडरीच्या फंदात पडू नका. उकडून, वाळवून किलोभर ओल्या हळदीची साधारण 200 ग्रॅम उरते. त्यापेक्षा लोणचं घाला: पाव किलो ओली हळद, 50 ग्रॅम आलं, पाच-सहा लिंबांचा रस, तीन चमचे मीठ, दोन चमचे मोहरीची डाळ. धुतलेले कंद फडक्यावर पूर्ण सुकवूनच किसा, ओल राहिली तर बुरशी येते. रस किसाच्या वर आला पाहिजे. बरणी फ्रिजमध्ये. हातांना आधी तेल चोळा.

औषध म्हणून दुधातून घेणार असाल तर साय काढू नका आणि चिमूटभर मिरपूड घाला. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं औषधी द्रव्य, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून साय हवी; मिरीमुळे ते अंगाला जास्त लागतं. कर्क्युमिनच्या कॅप्सूलचं प्रकरण निराळं: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.